वाचून पुसून टाक

प्रिय मास्तर,

तुला सक्तीच्या रजेवर पाठवलं त्याला आज अकरा दिवस झाले. तुझे गणिताचे तास मीच घेते आहे. रसायनशास्त्राच्या बाईने भूमितीला हात घातला की काय होतं, ते नववीची पोरं तुला सांगतीलच. मी काढलेला त्रिकोण म्हणे चंचुपात्रासारखा दिसतो.

वहिनी वारल्यापासून तू डबा आणायचं सोडलंस, ते मला दिसत होतं. दोनदा तू म्हणालास, "ताई, जरा बस ना, बोलू." दोन्ही वेळा माझ्यापुढे पेपरांचा गठ्ठा होता. एकोणीस वर्षं शिक्षकांच्या एकाच खोलीत बसून तेवढंही मला जमलं नाही, याची बोच आहे.

वर्षाच्या सुरुवातीला मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या: विद्यार्थ्यांशी बोलायचं ते शाळेच्या ग्रुपवर, खासगी नंबरवर नाही. "आता शुभ सकाळ म्हणायलाही साक्षीदार लागणार," असं तू म्हणालास, आणि सगळ्यांत मोठ्याने मीच हसले.

मग ती दहावीतली मुलगी. हुशार, अबोल. आधी तिने गणितं ग्रुपवरच विचारली. उत्तरं मात्र तू तिच्या नंबरवर पाठवू लागलास. गणितं संपली, निरोप संपले नाहीत. मी ते वाचलेत, मास्तर. "आज बोलली नाहीस, रागावलीस का?" "घर खायला उठतं. तुझ्याशी बोललं की बरं वाटतं." आणि त्याखाली, "वाचून पुसून टाक." तुझ्या मनात पाप नव्हतं, असं मला अजूनही वाटतं. पण पुसायला सांगितलंस, म्हणजे कुठेतरी तुलाही कळत होतं.

ते माझ्यापर्यंत कसे आले, तेही सांगते. प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुता धुता तिनेच फोन माझ्यापुढे धरला. तक्रार नव्हती तिची. एवढंच विचारलं, "बाई, सरांना वाईट वाटणार नाही, असं काय लिहू?" पंधरा वर्षांची पोर, आणि चाचणीचा अभ्यास सोडून तुझं मन सांभाळत बसली होती. मी फोन हातात घेऊन सगळे निरोप वरपासून वाचले. नळाचं पाणी नुसतं वाहत राहिलं.

काल फोनवर तू म्हणालास, "त्या पोरीनेच माझा केसाने गळा कापला." म्हणून हे लिहायला बसले. तिने काही केलेलं नाही, तिच्या आईवडिलांनीही नाही. तक्रार मी लिहिली, त्याच दुपारी, आणि खाली माझी सही आहे. उद्या चौकशीत मी तुझ्यासमोर बसेन आणि वाचलं ते सगळं सांगेन. इतक्या वर्षांत तुझं जे चांगलं पाहिलं तेही सांगेन, कुणी विचारो न विचारो. राग धरायचा तर माझ्यावर धर. तिला आता एक अक्षरही लिहू नकोस, माफीचंसुद्धा नाही. चौकशी आटोपली की मी तुझ्या घरी येईन. तू दार उघडलं नाहीस, तरी थोडा वेळ पायरीवर बसेन.

तुझीच,
ताई