दस्त्यावरचे ओरखडे

१२ सप्टेंबर
हैदराबादच्या सुधारानी मॅडम येऊन गेल्या. त्यांना संग्रहालयासाठी जुन्या फौजी रायफली हव्यात. आजोबा निजामाच्या फौजेत होते. त्यांच्या दोन रायफली, एक माझ्या वडलांच्या वाटणीला, एक चुलत्यांच्या. दोन्हीच्या नळ्या कधीच्या बुजवलेल्या, कागद चोख. माझी मी मागच्या वर्षी पॉलिश पेपर मारून लखलखीत केली. सुतार आहे मी, कमठाणा गावात असा हात कुणाचा नाही! मॅडमनी ती उलटसुलट करून पाहिली आणि "अरेरे" म्हणाल्या. बस, एवढंच.

मग शिवप्रसादअण्णाकडे नेलं, माझ्या चुलतभावाकडे. त्याची तेलकट, काळपट, ओरखड्यांनी भरलेली. दरवर्षी खंडेनवमीला तेलाचा हात आणि हळदकुंकू, याच्यापलीकडे त्यानं तिला काही केलं नाही. मॅडम तिच्यापुढे जमिनीवर बसून फोटो काढत राहिल्या.

१३ सप्टेंबर
मॅडमचा फोन. अण्णाला शेतात फोन लागत नाही, म्हणून नंबर माझा दिलेला. "त्यांचं लाकूड मूळचं, रंग मूळचा, शिक्के जागच्या जागी. तुमच्या पाचपट देऊ. फक्त भावाला सांगा, हात लावू नका."

पाचपट! काही न केल्याचे! पंधरा दिवस घासलं मी, बोटांची सालं गेली. जळतोय मी. इथं तरी खोटं कशाला लिहू?

१५ सप्टेंबर
अण्णाला सांगितलं नाही.

१८ सप्टेंबर
मंजुश्री विचारते, "अण्णांला निरोप दिलाव का न्हाई?" दिला म्हटलं. बायकोशीही खोटं बोललो.

२४ सप्टेंबर
अण्णा स्वतःच रायफल गोणपाटात गुंडाळून दुकानात आला. "नागू, माजी मळकी दिसली म्हणून मॅडम काय बोलल्या न्हाईत बघ. तुज्यावानी चमकवून दे. खंडेनवमीच्या पूजंतबी बरी दिसंल."

ठेव म्हटलं.

जाता जाता म्हणाला, "खरं सांगू का? तुजी बघून वरीसभर जीव जळायलाय माजा."

मी त्याच्या रायफलीवर जळतोय, तो माझ्या. तरी हसू आलं नाही.

२५ सप्टेंबर
दुपारी शटर अर्धं ओढून पॉलिश पेपर काढला. लाकडी दस्त्याच्या डाव्या अंगाला ओरखडे. माझ्या रायफलीवरही तिथंच होते, मी सगळ्यात आधी तेच घासून काढले होते. आता एक हात मारायचा, की झाली बरोबरी.

तेवढ्यात मॅडमचा मेसेज. फोटोतले ते ओरखडे नाहीत, उर्दू आहे. आजोबांनी चाकूनं नाव कोरलंय, कुणाला द्यायची त्याचं. मोल त्यानं आणखी वाढलंय म्हणतात. "तिप्पण्णा कोण तुमच्यात?"

पेपर हातातच राहिला.

२६ सप्टेंबर
तिप्पण्णा माझे वडील. वाटणीच्या वेळी घरात उर्दू वाचणारं कुणी उरलं नव्हतं.

अण्णाकडची रायफल माझी होती. मी घासली ती अण्णाची.