चार पिस्टनचे ब्रेक

३ मार्च, शनिवार. सकाळी.
निर्णय झाला. स्पोर्ट्स कारला पुढे मोठ्या डिस्क आणि त्यांना चिमट्यासारखे पकडणारे चार पिस्टनचे कॅलिपर. गाडी तीस वर्षांची, ब्रेकही तेवढेच म्हातारे. परवा वळणावर कुत्रं आडवं आलं. गाडी थांबली. वेळेत थांबली. पण त्या थांबण्यात आत्मविश्वास नव्हता. स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, ही हौस तर नाही ना? नाही. घरच्यांची सुरक्षितता. (कंबरेमुळे बायको त्या गाडीत बसत नाही, हे खरं. पण तत्त्व बदलत नाही.)

संध्याकाळी.
आमचं गॅरेज बोळासारखं. दोन गाड्या एकीमागे एक. घरची छोटी आत, माझी दाराशी. दाराशी उजेड चांगला, म्हणून तिथेच स्टँडवर चढवली. बायकोने विचारलं, छोटी बाहेर कशी काढायची? म्हटलं, उद्या संध्याकाळी हा प्रश्नच उरणार नाही. तिने आठवण करून दिली की सोमवारी, बारा तारखेला, ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रुजू होतेय. अकरा वर्षांनी नोकरी. पहाटेची पाळी, गावाबाहेर, त्या वेळेला बस नाही. म्हटलं, अगं, अख्खा आठवडा आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. कौतुकाने असावं.

४ मार्च, रविवार.
जुने ब्रेक काढले. भंगारवाल्याला बोलावून फुकट देऊन टाकले. आई म्हणाली, अरे, ठेव कोपऱ्यात, नडीला लागतील. तीच तर भीती. जुनं हाताशी असलं की मन मागे वळतं. परतीचे दोर कापलेले बरे. भंगारवाल्याने दोनदा विचारलं, साहेब, नक्की ना?

संध्याकाळी.
डिस्क बसल्या. कॅलिपर बसले. लाल, देखणे. चाक बसत नाही. कॅलिपर चाकाच्या आत मावत नाही.

५ मार्च.
स्पेअर पार्टवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, तेव्हा विचारलं होतं ना, चाकं केवढी आहेत म्हणून. विचारलं होतं. मला तो चाकं खपवायचा डाव वाटला होता. आता मोठी चाकं मागवावी लागतील, गुरुवारपर्यंत येतील. नाहीतर जुन्या पद्धतीचे ब्रेक मिळवून देतो म्हणाला, उद्याच गाडी हलेल. विचार केला. खरंच केला, दुकानाबाहेर उभं राहून. पण मग हा सगळा खटाटोप कशासाठी? चाकं मागवली. घरी फक्त चाकांचं सांगितलं. दुसरा पर्याय मी नाकारलाच होता, तेव्हा तो उरलाच नव्हता.

९ मार्च, शुक्रवार.
चाकं आली. गाडीला बोल्ट चार, चाकांना भोकं पाच. निष्पक्षपणे पाहता चूक दोघांची: त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. चाकं परत, चार भोकांची मागवली. मनःस्थिती उत्तम. पहिल्या फटक्यात होतं ते कसलं काम.

१२ मार्च.
बायको कामाला गेली. कोपऱ्यावरचा बेकरीवाला पहाटे त्याच बाजूला व्हॅन घेऊन जातो, त्याने नेलं. सीटवर ट्रे होते, म्हणून ती मागे. संध्याकाळी म्हणाली, लॅबमध्ये सगळे म्हणत होते, कुठूनतरी ताज्या पावाचा वास येतोय. मी हसलो. ती हसली नाही. रविवारपर्यंत सगळं होईल असं सांगितलं. कोणत्या रविवारपर्यंत, असं तिने विचारलं. प्रश्नाचा सूर बरा नव्हता, पण प्रश्न रास्त होता.

१८ मार्च, रविवार.
चाकं येईपर्यंत ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायचं ठरवलं. याला दोन माणसं लागतात: एक खाली स्क्रू उघडायला-मिटायला, एक पेडलवर. बायको दमून झोपलेली, म्हणून आईला बसवलं. मी खालून दाब म्हणायचं, तिने दाबायचं. सोड म्हटलं की सोडायचं. तिने आवडीने केलं. मध्येच विचारलं, यातून गाडी चालू तर नाही ना व्हायची? पेडल काही कडक होईना, थेट तळाला जातं. ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर नव्या कॅलिपरना पुरत नाही. तोही बदलावा लागणार.
मग आई सीटमधून निघेना. सीट जमिनीला टेकलेली, तिचे गुडघे जुने. मी ओढलं, ती ओरडली. शेवटी मेहुण्याला फोन. तो येईपर्यंत तिने आतच चहा घेतला आणि म्हणाली, तुझे बाबासुद्धा असेच, पण ते रेडिओ उघडायचे. रेडिओत माणूस अडकत नाही रे. मेहुण्याने आणि बायकोने मिळून तिला बाहेर काढलं. मेहुणा म्हणाला, दाजी, घरातलं आता कोण कोण आत राहिलंय तेवढं सांगा.
विनोद म्हणून ठीक.

२५ मार्च.
मेहुण्याचा प्रस्ताव: चाकांच्या ट्रॉल्यांवर चढवून गाडी बाहेर ढकलू, छोटी काढू, झालं. मी नकार दिला. बाहेर सरळ उतार, खाली मोठा रस्ता. ब्रेक नसलेली गाडी उतारावर नेणं बेजबाबदारपणाचं. तो म्हणाला, ब्रेक होते की हो दाजी. बायको आत निघून गेली. हल्ली ती कमी बोलते. नोकरी मानवलेली दिसते.

१ एप्रिल.
बेकरीवाला महिनाभर लेकीकडे गेला. सांगून तरी जायचं. (बायकोला सांगितलं होतं म्हणे.) गेल्या आठवड्यात तो नव्हता तेव्हा टॅक्सी मिळेना, तिला दोनदा उशीर झाला. लॅबच्या मॅडमनी बोलावून सांगितलं की अजून तुमची नोकरी कच्ची आहे, तिसऱ्यांदा उशीर झाला तर येऊ नका. हे ती भाजी चिरता चिरता बोलली, माझ्याकडे न बघता. मला फार लागलं. स्वतःला विचारलं, यात माझा दोष किती? बराच. तेव्हाच ठरवलं: आता एकही दिवस वाया घालवायचा नाही. मास्टर सिलिंडर ताबडतोब मागवला. शिवाय तिला माझी सायकल देऊ केली. तिने नको म्हटलं. ती या आठवड्यात लॅबजवळ मैत्रिणीकडे राहणार आहे.

७ एप्रिल, शनिवार.
नवी चाकं आली. भोकं चार! आईला बोलावून दाखवली. चाक चढवलं. कॅलिपरला घासतं. नखभर. नखभर म्हणजे जवळजवळ बसलंच. मधे चकती घालावी लागेल, चकतीसाठी लांब बोल्ट. स्पेअर पार्टवाला म्हणाला, दोन-तीन आठवडे. बायको संध्याकाळी घरी आली. तिला म्हटलं, आता फक्त नखाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, उद्या गवंडी येणार आहे, चालेल ना? म्हटलं, हो हो.

८ एप्रिल, रविवार. सकाळी.
गाडीखाली आहे. डायरी पोटावर ठेवून लिहितोय. मागच्या घरात कुणीतरी भिंत ठोकतंय. लोकांना रविवारचंही काही नाही. धूळ इथपर्यंत येते, लाल कॅलिपर पांढरे झाले. जाऊन बोलायला हवं, पण आत्ताच हाताला बोल्ट लागलाय.

दुपारी.
मागचं घर नव्हतं. आपली मागची भिंत. गवंडी म्हणाला, बाईंनी सांगितलं, आतली गाडी मागच्या गल्लीतून काढायचीय, इथे शटर बसवायचं. मी बायकोला जाब विचारला. ती म्हणाली, काल तिसऱ्यांदा विचारलं, तू तिन्ही वेळा हो म्हणालास. आठवून पाहिलं. म्हणालो होतो. तिन्ही वेळा मनात बोल्ट होते.
तिला म्हटलं, तीन आठवड्यांसाठी भिंत पाडायची? ती म्हणाली, कोणते तीन आठवडे?
उत्तर तयार होतं, पण गवंड्याने परत घण उचलला.

९ एप्रिल.
छोटी निघाली. पहाटे आवाज ऐकला. बायको अर्धा तास आधी पोचली.

२१ एप्रिल, शनिवार.
बायकोची नोकरी पक्की झाली. तिने आईला आणि मेहुण्याला जेवायला बाहेर नेलं, छोट्या गाडीतून. मलाही बोलावलं होतं. म्हटलं, बोल्ट आलेत, आज काम संपवतोच. ती म्हणाली, सावकाश कर, आता कुणाचं काही अडलेलं नाही. चांगल्या मनाने म्हणाली, त्यात शंका नाही. जाताना खांद्यावर हातही ठेवला.
नवा मास्टर सिलिंडर बसवला, चकत्या घातल्या, चाकं चढवली. बसतात. चालत्या गाडीसारखी दिसते. हवा काढायला पेडलवर दुसरं माणूस हवं. घरात कुणी नाही.
मी सीटवर बसून स्वतःच दाब म्हटलं, दाबलं. सोड म्हटलं, सोडलं. खाली कुणी नव्हतं.