डॉक्टरीणबाईंची बहीण

प्रिय छोटे,

तुझे दोन फोन येऊन गेले आणि मी दोन्ही उचलले नाहीत. रागावू नकोस. फोनवर तू मला मध्येच हसवतेस आणि मुद्दा बाजूलाच राहतो. म्हणून सरळ लिहायला बसले आहे.

आधी चांगली बातमी. मला ती भूमिका मिळाली. सरकारी वाहिनीवरची नवी मालिका, मोठं इस्पितळ, आणि त्यातली सगळ्यात मोठी सर्जन मी. वीस वर्षं मी पडद्यावर ट्रे घेऊन येतेय आणि ट्रे घेऊन जातेय. कधी आया, कधी मोलकरीण, फार तर नर्स. आता म्हणे ट्रे दुसरं कुणीतरी आणणार आणि मी नुसता हात पुढे करायचा. पहिल्या दिवशी तालमीला हातमोजे चढवले आणि आपण काय करतोय तेच मला सुधरेना. संवाद पाठ होते, पण सवयीने मी दाराजवळच जाऊन उभी राहिले.

झालंय असं, की वाहिनीने नवं धोरण आणलंय. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या वाहिनीवर सगळे लोक दिसले पाहिजेत, सगळ्या वंशांचे, सगळ्या रंगांचे, आणि निम्म्या बायका. ऐकायला किती सरळ वाटतं. ही सर्जनची भूमिका मुळात पुरुषाची होती आणि आपल्या मामांसाठी लिहिली होती. मामा म्हणजे तेच ज्येष्ठ नट, सेटवर सगळ्यांना लिमलेटच्या गोळ्या वाटणारे. मी त्यांना भेटायला गेले, तर त्यांनी मनापासून अभिनंदन केलं, चहा स्वतः केला. निघताना म्हणाले, "तुझं वाईट नाही गं वाटत. माझं काय चुकलं, तेवढं मात्र कळत नाही." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पण माझं तरी वीस वर्षं काय चुकलं होतं?

निवड करणाऱ्या बाईंना मी विचारलंही, की माझं वाचन तुम्हाला आवडलं का. त्या म्हणाल्या, "ते तर आवडलंच." हा 'तर' माझ्या डोक्यातून जात नाही. बाई वाईट नाहीत गं. माझ्याच वर्णाच्या आहेत, या धोरणासाठी वर्षानुवर्षं भांडल्यात. त्यांच्यावर चिडायचं म्हटलं तरी चिडता येत नाही.

तुला आठवतं, शेजारच्या काकू आपल्याला काय म्हणायच्या? एक आईची झेरॉक्स, एक बाबांची. आईचे लोक समुद्रापलीकडून आलेले, त्यांचा काळा रंग, दाट कुरळे केस सगळे माझ्या वाट्याला. बाबांचं गोरेपण आणि सरळ केस तुझ्या. तू विशीत असताना एका भूमिकेच्या निवड चाचणीला मी तुझ्याबरोबर आले होते. दारातल्या माणसाने तुला आत पाठवलं आणि मला सांगितलं की कामवाल्या बायकांनी मागच्या बाजूला थांबायचं. तू परत फिरलीस आणि नुसती बघत राहिलीस त्याच्याकडे. आत गेलीच नाहीस; काम गेलं ते गेलंच. घरी येईपर्यंत आपण दोघी हसत होतो. पुढे तुझं लग्न झालं, मुलं झाली, तू शाळेत शिकवायला लागलीस, आणि अभिनयाचा विषय निघाला की पदर खोचून स्वयंपाकघरात पळायला लागलीस.

म्हणून तर डॉक्टरीणबाईंच्या धाकट्या बहिणीची भूमिका निघाली, तेव्हा मी उड्याच मारल्या. मीच तुझ्या मागे लागले. तू पडदा लावून, मुलांना बाहेर पिटाळून रेकॉर्डिंग करून पाठवलंस. ते आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिलं. त्या भांडणाच्या प्रसंगात तू वाक्य अर्धवट सोडून पाणी प्यायलीस ना, तेव्हा दिग्दर्शिकेने डोळे पुसले. हे मी तुला खूश करायला लिहीत नाही, तुला माहीत आहे मला ते जमत नाही.

आणि मग बाई म्हणाल्या, "काम उत्तम आहे. पण सख्खी बहीण वाटत नाही." मी म्हटलं, अहो, सख्खीच आहे. त्या म्हणाल्या, मला ठाऊक आहे, पण बघणाऱ्याला एका नजरेत कळायला हवं. इतक्या वर्षांनी आपल्यासारख्यांचं घर पडद्यावर येतंय, ते पूर्ण दिसू दे. त्यांनी दुसरी मुलगी निवडलीय. माझ्यासारखीच दिसते, चांगलं वाचते, आणि आजवर ट्रेच उचलत आलीय. तिच्या तोंडचा घास काढायचा? आणि नाही काढायचा, तर तुला परकी ठरवायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी तिथे नुसतं "बरं" म्हणाले. बाहेर आले, आरशासमोर उभी राहिले आणि माझ्या तोंडावर तुला शोधत बसले. हसताना डावीकडे ओठ जरा वर जातो, तेवढा सापडला. परत आत गेले आणि म्हटलं, आम्हा दोघींना एकदा शेजारी उभं करून बघा, मग ठरवा. दिग्दर्शिका गुरुवारी सकाळी बघायला तयार झाली.

तोवर निवड त्या मुलीचीच आहे, त्यामुळे वाहिनीचा नकार तुला एक-दोन दिवसांत कळवतील. तो त्यांच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावा, म्हणून हे पत्र. मी बोलले ते बरोबर की चूक, मला अजून ठरवता येत नाही. तू ठरव. यायचं असेल तर गुरुवारी ये, शेजारी उभं राहू आणि वाचू. यायचं नसेल तर तसं कळव. मग मी त्या मुलीला बहीण म्हणेन, तिचा हात धरेन, तिच्यासाठी रडेन. जमेल मला. अभिनयच तर करायचा आहे.

तुझीच, आणि सख्खीच,
ताई