ताट माझ्या हातात राहू दे

शिरगाव, बदलापूर (पूर्व)
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय कुंदाताई,

नमस्कार. सगळी मजेत असाल असं लिहायची पद्धत आहे, पण लगीनघरात कोण मजेत असतं? वांगणीच्या घराला रंग लावून झाला का? पत्र पाहून हसू नकोस. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, 'तू आराम कर' म्हणून मोकळी होतेस.

आराम भरपूर झाला. अंबरनाथच्या कंपनीत रिॲक्टर फुटला, तेव्हापासून घरीच बसलेय. अंगावर ओरखडा नाही, पण कान मात्र तिथेच राहिले. कुकरची शिट्टी झाली तरी मी दाराकडे पळायचे. म्हणून आमच्याकडे डाळ पातेल्यात शिजते आणि आण्णा ती अर्धकच्ची डाळ गिळत सुनेचं कौतुक करतात.

आता बातमी. रोज सकाळी मी हेडफोन लावून संगीत ऐकते. मौज नाही, उपचार आहे. वैदेही मॅडम म्हणून थेरपिस्ट आहेत, त्यांनी दिलाय. त्यातला आवाज मुद्दाम गाळून घेतलेला असतो. बारीक होतो, लांब जातो, परत येतो. मॅडम म्हणतात, तुमचे कान अजून पहाऱ्यावर आहेत, धोका टळलाय हे त्यांना हळूहळू पटवायचं.

आण्णांनी एकदा कानाला लावून पाहिलं आणि मला न सांगता हेडफोन घेऊन थेट उल्हासनगरला दुरुस्तीला गेले. दुकानदाराने उघडून, तपासून परत दिला. म्हणाला, "काका, हेडफोन एकदम ओके है. गाना ही बीमार है." घरी येऊन आण्णांनी हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की किती महिन्यांनी मी पोट धरून हसले.

सुरुवातीला उलट रडूच यायचं, चिडचिड व्हायची. सोडणारच होते. मॅडमनी वेळ कमी केली, पण सोडू दिलं नाही. परवा मीच कुकर लावला. शिट्टी झाली, नजर दाराकडे गेली, पण पोळी लाटत उभी राहिले. पोळीचा नकाशा झाला, तो तुझ्या मेहुण्याने, विनीतने, मुकाट्याने खाल्ला.

आता जे लिहायला बसले ते. करिष्माच्या साखरपुड्याला नवरदेव दारात आला, बेंजो पार्टीचे ढोल सुरू झाले आणि ओवाळायचं ताट टाकून मी पळाले. कुंकू त्याच्या पांढऱ्या बुटांवर सांडलं. बायका अपशकुन म्हणाल्या, तू त्यांच्याशी भांडलीस. त्यावर आपण दोघी कधी बोललोच नाही. मला लाज वाटते, ताई. अजून वाटते.

पण काल करिष्माने विनीतला फोन केला. लग्नातला बेंजो तू रद्द केलास म्हणे, माझ्यासाठी. पोरगी रागावली नाही, नुसती रडली. हे मला चालणार नाही. माझ्या दुखण्यापायी भाचीचं लग्न मुकं व्हायचं नाही.

बेंजोवाल्यांना आजच्या आज परत सांग. पहिला ठोका पडायच्या आधी मला एक खूण करा म्हणावं, एवढीच सवलत मागते. नवरदेवाला मीच ओवाळणार. मॅडमना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "जमलं नाही तर बाजूला व्हा, त्यात हार नाही." मी म्हटलं, बघू.

हात थरथरेल, हे आत्ताच सांगून ठेवते. थरथरला तर खालून आधार दे. ताट काढून घेऊ नकोस.

करिष्माची मावशी आणि तुझी धाकटी,
सुनंदा