नुकुफोऊची डोकेदुखी

नुकुअलोफा,
३ मार्च १९९७

ती. फुसी आत्यास,
लोसालिनेचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेली सुकी मासळी पोचली. निम्मी आम्ही खाल्ली, निम्मी मांजराने. बाबा म्हणाले, मांजराचा वाटा जरा मोठा झाला.

आरोग्य खात्याने आम्हा कारकुनांना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला बसवलं. वेलिंग्टनहून एक सर आले होते. त्यांचं म्हणणं, आकडा एकटा बैठकीत पाठवू नये, लोक त्याच्याकडे बघत नाहीत. ज्या माणसांचा तो आकडा आहे त्यांची गोष्ट सांगावी. पटलं. पण माझ्या वाट्याला नेमकी तुमच्या बेटावरच्या दवाखान्याची वही आली आहे. अकरा महिन्यांत बायका आल्या २१४ वेळा, आणि त्यातल्या १८७ वेळा तक्रार एकच, डोकेदुखी. शेजारच्या बेटावर ऊन तेच, नारळ तेच, डोकेदुखी नऊ. साहेबांनी मनात निर्णय घेऊनही टाकला आहे. डोकं दुखायला नर्स कशाला, दुकानात गोळ्यांचा डबा ठेवा आणि जूनमध्ये दवाखाना बंद करा, असं ते म्हणतात. बैठक २६ तारखेला आहे.

मी पाण्यावर संशय घेऊन पाहिला, चष्म्यावर घेतला, तुमच्या चर्चमधल्या गाण्याच्या आवाजावरही घेतला. आत्या, तुम्हा सगळ्यांच्या डोक्यांना झालंय तरी काय? वहीत तुमचं नाव पाच वेळा आहे.

माया आहेच, ती अशीच असू द्यावी.
आपली,
लोसालिने

नुकुफोऊ,
१० मार्च

चि. लोसालिने हिस,
फुसीचे अ. उ. आशीर्वाद.

माणसांची गोष्ट सांगावी हे शिकायला तुम्हाला तीन दिवस लागले, आणि वर चहा-बिस्किटंही मिळाली असतील. आमच्याकडे हे फुकट चालतं.

आमची डोकी ठणठणीत आहेत. दवाखान्याच्या खिडकीत पूर्वी म्हातारी आना बसायची. ती गेली आणि मागच्या एप्रिलपासून तिथे मोसेसे बसतो. गुणी मुलगा, अक्षर मोत्यासारखं. काय होतंय ते त्याला सांगितल्याशिवाय चिठ्ठी मिळत नाही. आता तूच बघ, या बेटावरची कुठली बाई त्याची बहीण नाही? सख्खी नसेल तर चुलत, चुलत नसेल तर मावस, आणि आपल्याकडे सगळं एकच. भावाच्या देखत आपल्या शरीराचं नाव कोण घेईल? म्हणून आम्ही डोकं सांगतो. आत गेल्यावर नर्स सेपिउताला खरं सांगावं, तर मध्ये नुसती चटई टांगलेली. आत कुणी शिंकलं तर बाहेरून तो जपा म्हणतो.

एक आड एक गुरुवारी बोट आली की तो दोन तास धक्क्यावर जातो. तेव्हा वही सेपिउताच लिहिते, आणि रांग पार चर्चपर्यंत लागते. मी दोनदा उभी राहिले. नंबर यायच्या आत तो परत आला.

माझी डोकेदुखी डाव्या काखेखाली आहे. नाताळात शेंगदाण्याएवढी होती, आता लिंबाएवढी आहे. बाईमाणूस म्हणून तुला लिहिलं. हे पत्र तुझ्या बाबांच्या हाती पडू देऊ नकोस, मी त्याची बहीण आहे.

जेवत जा, नुसते आकडे खाऊ नकोस.
तुझी,
आत्या

नुकुअलोफा,
२ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी रडले, आणि मग चिडून गोष्ट लिहायला बसले. छान आठ पानी झाली. बैठकीत शिरले तर समोर टिपणं घ्यायला आपला फिनाउ बसलेला. चुलत असला तरी भाऊच की. माझी दातखीळ बसली. वेलिंग्टनचे सर आपल्या बहिणीसमोर काहीही बोलत असावेत, त्यांनी यावर काही शिकवलं नव्हतं.

आठ पानं पिशवीतच ठेवली आणि फळ्यावर दोन पट्ट्या काढल्या. पहिलीखाली लिहिलं, खिडकीत मोसेसे आहे: बायका १९०, डोकेदुखी १८७. दुसरीखाली लिहिलं, मोसेसे धक्क्यावर गेला आहे: बायका २४, डोकेदुखी शून्य. मग एवढंच बोलले की, नुकुफोऊवर मोसेसेला एकूण एकाहत्तर बहिणी आहेत. आणि खाली बसले.

साहेब बराच वेळ टेबलाखाली पेन शोधत होते. पेन त्यांच्या खिशात होतं. फिनाउने बाहेरच्या आंब्याकडे बघत निर्णय लिहून घेतला: दवाखाना राहील, मोसेसेला धक्क्यावरच्या मालाची वही, खिडकीत बाई, चटईच्या जागी भिंत. वेलिंग्टनचे सरही बैठकीला होते, त्यांनी विचारलं, पुढची गोष्ट काय? त्यांना चहावालीने मागच्या दाराशी नेऊन समजावलं.

नवी बाई लुपे याच बोटीने येते आहे. आत्या, पहिला नंबर तुम्ही लावा. मला फार भीती वाटते.

आपली,
लोसालिने

नुकुफोऊ,
८ एप्रिल

चि. लोसालिने हिस,
अ. उ. आशीर्वाद.

पहिला नंबर लावावा लागला नाही, बायकांनीच मला पुढे ढकललं. लुपेच्या पहिल्या एका दिवसात वहीत एकोणतीस निरनिराळे आजार लिहिले गेले. साहेबांना सांग, साथ नाही.

सेपिउता म्हणाली, गाठ काढायलाच हवी, उशीर झालाय पण वेळ गेलेली नाही. पुढच्या बोटीने तुमच्याकडच्या मोठ्या रुग्णालयात येते. तू भिऊ नकोस. मी भितेच आहे, घरात एकीने भ्यायलं की पुरे.

आत्या

नुकुअलोफा,
२९ एप्रिल

ती. ताईस,
धाकटा भाऊ सेमिसीचा शि. सा. न.

लोसालिनेच्या हाती हे पत्र आणि उकडलेलं कोनफळ पाठवत आहे. आपण या गावात आला आहात एवढं मला माहीत आहे. कशासाठी ते मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. कोनफळाचं पीक यंदा बरं आहे. काळ्या डुकरिणीला सात पिल्लं झाली.

मागच्या मंगळवारी पोरगी दुपारी घरी आली. तिने स्वयंपाकघरात एक कागद चिकटवला. त्यावर नाव नाही, काही लिहिलेलं नाही, नुसत्या पट्ट्या. रोज तुमच्याकडून आली की ती एक नवी पट्टी काढते. काय आहे ते ती सांगत नाही, पण पट्टी लांब असली की गुणगुणते. बुधवारची पट्टी नखाएवढी होती, गुरुवारची त्याहून कमी. ते दोन दिवस मी डुकरांकडेच होतो. शनिवारी ती बोटाएवढी झाली, काल वीतभर.

आजची कागदाबाहेर गेली आहे, भिंतीवर. ताई, आज मी जेवलो.

आपला हात डोक्यावर असावा.
सेमिसी