साडीगार्डची गाडी

विश्रांतवाडी, पुणे
२० सप्टेंबर २००५

चि. सौ. ललितास सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घे. कोथरूडच्या शोरूममध्ये परवा मला अर्धा ग्लास पाणी मिळालं. पहिल्या खेपेला थंड पेय होतं, दुसऱ्या खेपेला चहा, मग भरलेला ग्लास. पुढच्या खेपेला नुसता नळ दाखवतील. पण तुझ्या प्रज्ञेशसाठी मोटरसायकल शोधायचं काम तूच मला लावलंस, तेही पितृपक्षात. या पंधरवड्यात उरलेलं पुणं गाडीकडे बघत नाही, त्यामुळे तिथी न पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना सूट मिळते. पूर्वी स्कूटरला नंबर लावून माणूस वर्षानुवर्षं वाट बघायचा. आता गाड्या रांगेत उभ्या राहून वाट बघतात आणि माणसाचं ठरत नाही.

तिथून तुझ्याकडेच येत होतो. वारज्याच्या पुलाजवळ माझ्या स्कूटरमधलं पेट्रोल संपलं. कुणी थांबेना. शेवटी मोटरसायकलवरची एक मुलगी थांबली. तोंडाला स्कार्फ, वर गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे. पुण्यातल्या सगळ्या मुली दिसतात तशीच, म्हणजे अजिबात न दिसणारी. तिने मुकाट्याने नळी काढली आणि माझ्या पाण्याच्या बाटलीत अर्धी बाटली पेट्रोल सोडलं. आभार मानायचे सोडून मी सवयीने विचारलं की ॲव्हरेज किती देते. ती म्हणाली की पंचेचाळीस देते, मामा.

ललिता, रस्त्यावर मला सगळे काका म्हणतात. मामा म्हणणारी एकच. मी तिथेच दुभाजकावर बसलो.

तुझी पूर्वा! कंपनीच्या बसने हिंजवडीला जाते म्हणून जिचा डबा तू पहाटे भरतेस, ती. ती म्हणाली की बस धायरीपर्यंत येणं कधीच बंद झालंय, दोन पीएमटी आणि एक सहा आसनी रिक्षा बदलून ती मेटाकुटीला आली. आईला सांगायचं तर खुशाल सांगा म्हणाली, नाहीतरी एक तारखेपासून ती वाकडला खोली घेणार आहे. मला पुढे यायचा धीर झाला नाही. तुझा फोन हॉलमध्ये, सगळ्यांच्या कानावर जाईल, म्हणून पत्र.

लोभ आहेच, या बातमीनंतरही तो टिकव.
तुझा दादा, रंगनाथ

धायरी
२३ सप्टेंबर

ती. दादांस सविनय जयभीम. वि. वि.

पत्र उभ्यानेच वाचलं. गॅसवर दूध होतं, ते गेलं.

पूर्वाला विचारलं. बया नाकारीना! ती गाडी तिच्या ऑफिसातल्या फैझलची. तो कंपनीच्या कामाला परदेशी गेलाय, गाडी सुरू राहावी म्हणून किल्ली हिच्याकडे. महिनाभर ही बायपासवरून ट्रकांच्या मधून जातेय आणि मी घरी निवांत शेंगा सोलतेय. लोक काय म्हणतील असं मी म्हणत नाही, शेजारच्या सुशीलाबाई रोज म्हणतात. हे गोंदियाला बदलीवर, फोनवर म्हणाले की घरचं तू बघ. बघतेच आहे. पोरगी बॅग भरतेय.

तरी गाडी प्रज्ञेशचीच. मुलगा आहे, कॉलेजात जातो. तुम्ही फक्त कुठली घ्यायची ते सांगा, बाकीचं नको.

हादरलेल्या बहिणीवर माया असू द्या.
ललिता

विश्रांतवाडी
२६ सप्टेंबर

चि. सौ. ललितास सप्रेम जयभीम. वि. वि.

बाकीचं सांगतो.

प्रज्ञेशला हवी असलेली गाडी मी पाहिली. तिची मागची सीट इतकी वर चढलेली की तिथे फक्त कबुतर बसेल. साडीगार्डबद्दल विचारलं तर विक्रेता कीव आल्यासारखा हसला. दुसरी एक आहे, सव्वाशे सीसीची. दिसायला मुनिमासारखी, पण सीट लांब, वजन बेताचं, साठच्या आसपास ॲव्हरेज आणि साडीगार्ड कंपनीकडूनच. माझं मत हिला.

धक्का मला वेगळाच बसलाय. मी सगळ्या पुण्याला ॲव्हरेज विचारत हिंडलो, पण तुमच्या घरात रोज लांब जातं कोण, हे विचारलं नाही. तुझ्या चिरंजीवांच्या कॉलेजची घंटा तुझ्या स्वयंपाकघरात ऐकू येते. त्याने साठचं ॲव्हरेज कुठे वापरायचं, चहाच्या टपरीपर्यंत?

पुढे कोण बसणार ते नंतर ठरव. आधी मागे तू बस. एकदा त्याच्या, एकदा तिच्या. फैझलची गाडी आहेच.

रागावलीस तरी उत्तर धाड.
दादा

धायरी
३० सप्टेंबर

ती. दादांस सविनय जयभीम. वि. वि.

जे केलं ते माझ्याकडून कसं झालं, अजून कळत नाही.

मार्केट यार्डात कांदे आणायला प्रज्ञेशच्या मागे बसले. वडगावच्या पुलावर त्याचा मोबाइल वाजला आणि त्याने तो घेतला! एका हाताने गाडी, एका हाताने गप्पा. मी सिग्नलला उतरले ती रिक्षाने घरी. संध्याकाळी पूर्वाच्या मागे बसले. दादा, खड्डा यायच्या आधी ती आई, खड्डा म्हणून सांगते. ट्रक आला की बाजूला होते, जाऊ दे म्हणते त्याला. इतक्या वर्षांत यांच्या स्कूटरवर मला कुणी खड्डा सांगितला नव्हता.

काल तुमची ती मुनीम गाडी घेतली. विक्रेत्याने न विचारताच प्रज्ञेशचं नाव घातलं. मी ते खोडून पूर्वाचं घालायला लावलं. पोरगा फुरंगटलाय, त्याला रविवार दिलाय, मोबाइल घरी ठेवायच्या अटीवर. वाकडची खोली रद्द. बॅग माळ्यावर गेली.

सुशीलाबाईंनी अजून काही म्हटलेलं नाही. त्यांना बहुतेक शब्द सुचत नाहीयेत.

येऊन गाडी बघून जा, आणि अशीच नसती पत्रं लिहीत राहा.
ललिता

विश्रांतवाडी
३ ऑक्टोबर

चि. सौ. ललितास सप्रेम जयभीम. वि. वि.

काल तुझ्याकडचं जेवण झकास झालं. तुझ्या वहिनीला, सरोजिनीला, घरी येऊन वर्णन सांगितलं, तर ती आता साडीगार्ड असलेली गाडी कधी घेताय म्हणून विचारते. माझी स्कूटर हे ऐकून आज सकाळपासून सुरूच होत नाही.

फैझलची गाडी पूर्वाने टाकी भरून त्याच्या घरी परत केली म्हणे. म्हणजे वारज्याला मला मिळालेली अर्धी बाटलीही तिच्याच पगारातली. तू चहा टाकायला आत गेलीस, तेवढ्यात मी जिन्याखाली जाऊन पिशवीतली पेट्रोलची बाटली तिच्या नव्या गाडीच्या टाकीत रिकामी केली. भरलेली बाटली होती. पोरगी मागून आलीच, हातात हेल्मेट घेऊन. झाकण लावेपर्यंत उभी राहिली.

या वेळी मी ॲव्हरेज विचारलं नाही. पोहोचल्यावर आईला फोन करत जा, एवढंच म्हणालो.

माया आहे तशीच ठेव.
तुझा दादा, रंगनाथ