केसावर चालणारा पंप

३ एप्रिल १९८६, गुरुवार

मालकांनी आज तोडूनच सांगितलं! चन्नबसप्पाअण्णा, म्हणजे आमच्या टॉकीजचे मालक, एरवी गोड बोलतात. आज म्हणाले, "पंचाक्षरी, विहीर आटली. त्या कूलिंगला रोज चार टँकर पाजायला मी काय धरण बांधलंय? दोन टँकरात भागलं तर ठीक. न्हाई तर कूलिंग बंद, अन् कूलिंगवालेबी बंद." कूलिंगवाले दोघंच — मी इलेक्ट्रिशियन आणि पंपावरचे मलप्पामामा.

उपाय माझ्या डोक्यात आहे. मोठा पंखा बाहेरची गरम हवा वाळ्याच्या ओल्या पडद्यातून हॉलमध्ये ओढतो. पडदे भिजवायला पंप. पण खेळ सुरू की पंप सुरू, खेळ सुटला की बंद — मधे बघतो कोण? हॉल दमट होतो, लोक चिकचिकतात, पाणी मात्र चाललेलंच. गरज पडेल तेव्हाच पंप चालला पाहिजे. आणि तोही आपोआप!

६ एप्रिल

शरणम्माकडे तिचा एक केस मागितला. घाबरलीच! "जादूटोणा करायलात का काय?" बायकोला समजावता समजावता चहा गार झाला. केस ओल लागली की लांबतो, सुकला की आखडतो. लांबला की तार सुटणार — पंप बंद. आखडला की तार टेकणार — पंप सुरू. आयटीआयच्या सरांनी एकदाच सांगितलं होतं, मी ध्यानात ठेवलं. मग तिनं एक नाही, दहा केस दिले, शिकेकाईनं धुऊन. हाताभर लांब. असे केस लातुरात कुणाचे असतील तर दाखवावेत!

१० एप्रिल, पाडवा

चाललं! चाललं! चाललं!

हॉलच्या मागच्या भिंतीवर डबा बसवला, आत केस. तीनच्या खेळाला मी स्वतः डब्याखाली उभा. दुपारचं मरणाचं ऊन, हॉल भरलेला. पंप बंद झाला, सुरू झाला, परत बंद — कुणीही हात लावलेला नाही. मलप्पामामा बघतच राहिले. "आता केस बी पंप चालवायलाय व्हय?" वीस वर्षं ते तो पंप सांभाळतायत. तेच माझी पाठ थोपटून म्हणाले, "लई झ्याक, बाबा."

११ एप्रिल

आजही चाललं. शरणम्मा केस जपून विंचरायला लागलीय.

१९ एप्रिल

दोन टँकर! आठवडाभर रोज दोनच. मालक स्वतः हौदात काठी घालून पाणी मोजतात आणि माझ्याकडे बघून हसतात.

मी खेळाच्या वेळी वर प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये असतो, खाली यायला सवड नाही. डबा एकदा पुसून घ्यावा म्हटलं तर मामा म्हणाले, "चालत्या गाडीला खीळ कशाला? माझं ध्यान हाय." बरोबर आहे त्यांचं.

२७ एप्रिल

कलेक्टरसाहेब सहकुटुंब खेळाला आले होते. बाहेर पडताना विचारलं, दुष्काळात एवढं गार कसं? मालकांनी मला पुढे ढकललं. साहेबांनी हात मिळवला! "नव्या जिल्ह्याला अशीच माणसं हवीत," म्हणाले. त्यांच्या ऑफिसात साधे पंखे आणि आमच्याकडे आपोआप कूलिंग. साप्ताहिकवाल्यानं सगळं लिहून घेतलं. मामा दाराआड उभे होते. पुढे या म्हटलं तर आले नाहीत. लाजाळू माणूस.

२ मे

पेपरात नाव! 'लातूरच्या तरुणाची करामत.' चार प्रती घेतल्या. एक सासरी पाठवली.

५ मे

मालक म्हणाले, "आपोआप चालतंय तर मलप्पाला बसवून कशाला ठेवायचं? बसवजयंतीला शाल देऊ, मानानं घरी पाठवू."

वाईट वाटलं. पण इथं खोटं कशाला लिहू — आधी अभिमान वाटला, वाईट मग वाटलं.

१२ मे, बसवजयंती

मामांना शाल, नारळ, फेटा. मालकांनी छान भाषण केलं. मामांनी फेटा उतरवून आपली टोपीच घातली. जयंतीमुळे आज खेळ बंद होते, म्हणून संध्याकाळच्याच देवणी गाडीनं गेले. देवणीत त्यांचं घर आहे, बाकी काही नाही.

१३ मे

फजिती! तीनच्या खेळाला पंप उठलाच नाही. लोक शर्ट काढून ओरडत होते. धावत जाऊन डबा उघडला. महिन्याभरात पहिल्यांदा! आत विभूती, कुंकू आणि तेल. केस तेलानं थबथबून तारेला चिकटलेला, त्यावर धूळ. हे काल-परवाचं नाही. मग महिनाभर पंप चालवला कुणी?

१४ मे

देवणीला जाऊन आलो. मामा ओसरीवर होते. मला बघताच मान खाली.

"पाडव्यानंतरच्या सोमवारी पूजा केली, बाबा. नवं यंत्र, तेल-कुंकू न लावता कसं सोडायचं? दुपारी पंप उठंना. माझ्या हातानं बिघडलं, अन् मालकानं काढलं असतं तुला. म्हणून हातानंच चालवला."

"पण दोन टँकरात कसं भागवलं?"

"तुझं यंत्र तीन-चार दिस बघितलं होतं की! हॉलात मागं उभं ऱ्हायचं, टोपी काढायची. टाळूला गार लागलं की बंद, गरम लागलं की चालू. सांगणार होतो. तेवढ्यात तुझं नाव पेपरात आलं. मग तोंडच उघडंना."

धोतरात, टोपी हातात धरून महिनाभर प्रत्येक खेळाला उभा राहिलेला माणूस! आणि मी सासरी पेपर पाठवत होतो.

१५ मे

नवा केस लावला. चालतंय — खरंखरं, आपोआप, पाडव्यासारखंच. मालक खूश. "परवा जरा धूळ बसली असंल," म्हणाले.

आता मी गप्प बसलो तर कुणालाच कधी कळणार नाही. मामा तर बोलणार नाहीतच.

१६ मे

मालकांना सगळं सांगून टाकलं. पेपरवाल्यालाही. मालकांनी हातातली काठी खाली ठेवली. मग म्हणाले, "अर्ध्या पाण्यात हॉल त्यानं गार ठेवला, अन् मी त्यालाच नारळ दिला? आण त्याला परत." उद्या सकाळची पहिली देवणी गाडी. मामांना आणायला मीच जाणार!